राजीनामा थांबव, आधी अव्वांकडे जा

डॉक्युमेंटरी करणाऱ्यांच्या प्रश्नांच्या या सदराला आलेलं या वेळचं पत्र, थोडं कापून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून:

"ताई, मी २९ वर्षांची, मूळची सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली. पुण्यात लग्नाच्या फिल्म करणाऱ्या एका स्टुडिओत एडिटर आहे. पगार वेळेवर होतो, पण हायलाइट कापून कापून जीव विटलाय. गेली दोन वर्षं सुट्टी मिळेल तशी सोलापूरला जाऊन आमच्या शेजारच्या अव्वांचं शूटिंग करते आहे. अव्वा लहानपणापासून विड्या वळतात. विड्यांवर त्यांनी घर चालवलं, मुलाला शिकवलं, दारुड्या नवऱ्याला पोसलं, सावकार निस्तरला. हे सगळं त्या कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलल्या आहेत, संमतीपत्रावर सहीही केली आहे. आता त्यांच्या मुलाला कळलंय. त्याच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. तो म्हणतो, वडिलांचं आणि सावकाराचं काढून टाक, नाहीतर फिल्मच नको. अव्वा गप्प आहेत. ते काढलं तर माझ्या डॉक्युमेंटरीत उरतं काय?

दुसरं, मला लोकांच्या गोष्टी सांगायची प्रचंड आवड आहे. याच्यासाठीच आपण जन्मलो असं वाटतं. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का? एका निधीसाठी अर्ज केला होता, नाकारला गेला. भाऊ म्हणतो, डॉक्युमेंटरी बघतं कोण? हप्त्यावर नवा कॅमेरा घ्यायचाही विचार आहे, घेऊ का? सोबत वीस मिनिटांच्या तुकड्याची लिंक पाठवते आहे."

प्रिय मैत्रिणी,

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत 'नोकरी सोडू का' हा प्रश्न पहिल्या ओळीत असतो आणि ज्या माणसावर फिल्म करायची तो कुठेतरी तळाला. तुझ्या पत्रात अव्वा आधी आल्या, म्हणून मी लिंक लगेच उघडली.

काय दिसलं ते आधी सांगते. तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद. मांडीवर सूप. ओल्या फडक्यातून पान काढायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा, आणि टोक नखाने आत. अव्वा खाली बघतही नाहीत. तोंड एकीकडे, हात एकीकडे, आणि मागे कुठेतरी यंत्रमागांची खडखड. अकराव्या मिनिटाला नवऱ्याचा विषय निघतो आणि हात थांबतात. वीस मिनिटांत एकदाच. तू तेवढ्यात झूम करून चेहऱ्यावर गेलीस. लग्नाच्या फिल्ममध्ये मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा जसा धावतो, तशी. पण धावायच्या आधीचे चार-पाच सेकंद तुझ्याकडे आहेत. सुपात पडलेली अर्धी विडी आणि न हलणारी बोटं. ते सेकंद जप, त्यांच्याकडे परत येणार आहे.

आता मुलगा. तुझ्या पत्राच्या सुरावरून तो या गोष्टीतला खलनायक वाटतो. मला तसं वाटत नाही. त्याचा बाप दारू प्यायचा हे अख्ख्या गल्लीला माहीत असणार, पण गल्लीला माहीत असणं वेगळं आणि स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांच्या फोनवर ते येणं वेगळं. त्याची भीती खरी आहे. मात्र तो अव्वांच्या आयुष्याचा मालकही नाही. चाळीस-पन्नास वर्षं त्या घराचा डोलारा ज्या बाईने सांभाळला, तिने काय बोलावं हे मुलाने ठरवायचं असेल तर तुझ्या फिल्मचा विषय तुझ्यासमोरच घडतो आहे.

म्हणून पुढच्या सुट्टीत सोलापूरला जा आणि कॅमेरा पुण्यात ठेवून जा. मुलगा कामावर असताना अव्वांजवळ बस. लॅपटॉपवर तो तुकडा दाखव, आणि एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा बघताना माणूस स्वतःची साडी बघतो, भिंतीचा उडालेला रंग बघतो, आपण किती म्हातारे दिसतो ते बघतो. आपण काय बोललो हे त्याला दुसऱ्या खेपेला ऐकू येतं. मध्ये चहा होऊ दे. मग विचार: हे तुमच्या सुनेने बघितलं तर चालेल? कारखान्यात विड्या तपासून घेणाऱ्या चेकरने? नातीच्या सासूने? 'तुमची परवानगी आहे ना' असं विचारू नकोस, त्याला त्या हो म्हणतील. तू शेजारची पोर आहेस, दोन वर्षं आली आहेस, तुला नाही म्हणणं त्यांना जड जाईल. माणसांची नावं घेऊन विचारलंस तर खरं उत्तर मिळेल.

संमतीपत्रावर सही आहे म्हणतेस. ती हवीच, उद्या कुठल्या वाहिनीला किंवा महोत्सवाला फिल्म द्यायची वेळ आली की पहिला कागद तोच मागतात. पण त्या सहीच्या दिवशी अव्वांनी फिल्म बघितली नव्हती. कुठले तुकडे तू ठेवशील, कशाला काय जोडशील, याची त्यांना कल्पना असणं शक्य नव्हतं. 'रायटिंग विथ फायर'चं उदाहरण तुला माहीत असेल. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवरची ही डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. सोहळ्याच्या तोंडावर संस्थेनेच निवेदन काढून सांगितलं की या फिल्ममध्ये आमचं काम अर्धंच दिसतं, त्यातून उभं राहणारं चित्र आमचं नाही. फिल्म करणाऱ्यांनी पाच वर्षं मेहनत केली होती, फिल्म चांगलीही आहे, मला स्वतःला आवडली. तरी ज्यांच्यावर ती होती त्यांना तसं वाटलं, आणि त्या स्वतः पत्रकार होत्या म्हणून आपल्याला कळलं. अव्वांना काही वाटलं तर निवेदन कोण काढणार? तू पुण्याला परत येशील, त्यांना त्याच घरात, त्याच मुलाबरोबर राहायचं आहे.

आणि नातीचं काय? लग्न तिचं, स्थळं तिला बघायला येतात, आणि पत्रात तिचं वय नाही, ती काय करते हे नाही, तिला हे सगळं कसं वाटतं हेही नाही. तिच्याशीही बोल. कदाचित ती म्हणेल, लग्न झाल्यावर काय करायचं ते कर. फिल्म थांबू शकते. एक-दोन वर्षांनी विड्या वळायचं थांबणार नाही, आणि अव्वा तोवर आणखी काही बोलतील. कदाचित ती म्हणेल, महोत्सवात दाखव, सभागृहात दाखव, पण यूट्यूबवर टाकू नकोस. हीसुद्धा सरळ, पाळता येईल अशी अट आहे. पाळायची असेल तर तसं आत्ताच लिहून ठेव.

सगळं करून अव्वा म्हणाल्या की काढ, तर काढ. पूर्ण काढ. मुलाने सांगितलं म्हणून नाही, त्यांनी सांगितलं म्हणून.

मग उरतं काय? आता त्या चार-पाच सेकंदांकडे ये. नवरा, दारू, सावकार यातलं एक अक्षर न ठेवताही हात का थांबले असतील हे बघणाऱ्याला पोचेल. चार वाक्यांची माहिती जाईल, पण माहितीसाठी तुझी फिल्म कुणी बघणार नव्हतंच. एक मात्र लक्षात ठेव. ही काही अव्वांना चकवायची पळवाट नाही. न सांगता सांगितलेलंही सांगितलेलंच असतं. तो शॉटही त्यांना दाखवायचा आणि त्यालाही त्यांचा होकार लागेल.

खरं सांगू? मला वाटतं, तू ज्याला फिल्मचा गाभा समजतेस तो शूटिंग सुरू करायच्या आधीच तुझ्या डोक्यात तयार होता. कष्टाळू बाई, दारुडा नवरा, सावकार. कॅमेरा घेऊन तू ते शोधायला गेलीस आणि ते मिळालं, कारण ते असतंच. पण त्या वीस मिनिटांत मी जिथे खुर्चीत सरसावून बसले ती जागा वेगळी. अव्वा चेकरची नक्कल करतात. विड्यांची जुडी हातात घेऊन तो कसा नाक वर करतो, एक विडी काढून उजेडात कशी धरतो, आणि वाईट म्हणून मूठभर विड्या कशा बाजूला सारतो. नवऱ्याबद्दल त्या तेलुगूत बोलतात, चेकर मात्र त्यांच्या तोंडून मराठीत बोलतो, तेही ठसक्यात. सबटायटल करताना हा फरक घालवू नकोस. मग कारखान्यातून मिळालेली पानं फाटकी निघतात, हजार विड्या भरत नाहीत, म्हणून पदरचे पैसे घालून पानं घ्यावी लागतात, हा हिशोब त्या बोटांवर मांडून दाखवतात. तिथे त्या चिडलेल्या आहेत, विनोदी आहेत, आणि तुझ्यापेक्षा हुशार आहेत. हे सगळं तू दीड मिनिटात उरकून पुन्हा नवऱ्यावर आलीस.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. २००६ मध्ये तिच्या उद्घाटनाला पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. तुझ्या तुकड्यात 'संघटना' हा शब्द एकदाही येत नाही. अव्वा कधी मोर्चाला गेल्या होत्या का? नसतील तर का नाही गेल्या? विचारलंस का कधी? सोसणं दाखवलं की परीक्षकांचे डोळे पाणावतात, हे खरं. निधी देणाऱ्यांनाही ते आवडतं. पण मी कित्येक अशा फिल्म कापल्या आहेत ज्यांत बाई पहिल्या मिनिटाला रडते आणि शेवटच्या मिनिटालाही रडते, आणि तिला हसता येतं हे फक्त एडिटरला माहीत असतं, कारण ते तुकडे फायलींतच राहतात.

पैशाचंही एक सांगते, तू विचारलं नाहीस तरी. अव्वांची मजुरी हजारी आहे, म्हणजे हजार विड्यांमागे. तू दिवसभर बोलायला लावलंस आणि त्यांच्या हजारच्या सातशे झाल्या, तर तुझ्या फिल्मची वर्गणी त्यांनी भरली. बोलण्याचे पैसे देऊ नयेत हे मलाही पटतं, कारण मग माणूस आपल्याला हवं ते बोलायला लागतो. पण खाडा भरून देणं ही वेगळी गोष्ट आहे. ते उघडपणे, घरच्यांच्या समोर, मोजून दे. यावर आमच्या धंद्यात वाद आहेत, काही लोक एक रुपयाही देऊ नये म्हणतात. त्यातले बहुतेक पगारी आहेत.

आता तुझी आवड. ती प्रचंड आहे यावर माझा विश्वास आहे. माझ्या टपालात प्रचंड आवडीचा तुटवडा कधीच नसतो. तुटवडा असतो वेळाचा, म्हणजे एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जाण्याइतक्या वेळाचा. डॉक्युमेंटरीकार आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये विलास घोगरे या लोकशाहिराचं गाणं घेतलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मारले गेले, आणि त्यानंतर घोगऱ्यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धनांनी जे शूटिंग सुरू केलं ते चौदा वर्षं चाललं, 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पूर्ण झाली. मुंबईतल्या वस्त्यांत पडदे लावून ती दाखवली गेली, तीन तासांहून लांब, आणि लोक बसून राहिले. चौदा वर्षं लावलीच पाहिजेत असं मी म्हणत नाही. तुझ्या फिल्मला मी पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ देणार नाही. पण या कामाला वेळ लागतो तो असा, आणि तो वेळ कुठून आणायचा हा खरा तुझा नोकरीचा प्रश्न.

राजीनामा दिला की वेळ मिळेल असं तुला वाटतं. काय होईल ते सांगते. पहिले तीन महिने मजेत जातील. मग घरभाडं. मग कुणाची तरी ओळख काढून एखाद्या कंपनीच्या सामाजिक उपक्रमाची पाच मिनिटांची फिल्म, मग संस्थेच्या वार्षिक अहवालाची, मग एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. ही कामं पगारापेक्षा जास्त वेळ खातात, कारण त्यांच्या पैशांसाठी महिनोन्‌महिने फोन करावे लागतात. तोवर अव्वांकडे जाणं सुटेल, आणि 'पूर्ण वेळ' डॉक्युमेंटरी करणारी तू दोन वर्षांत एकदाही सोलापूरला गेलेली नसशील.

आपल्याकडे फक्त डॉक्युमेंटरीवर घर चालवणारी माणसं फार थोडी. एक काळ सरकार हा मोठा गिऱ्हाईक होता. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. सिनेमागृहांत मुख्य चित्रपटाआधी त्यांची रिळं दाखवणं सक्तीचं होतं, त्यामुळे आपल्या आईवडिलांच्या पिढीने शेंगा खात खात कितीतरी अनुबोधपट बघितले. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. २००० मध्ये स्थापन झालेल्या पीएसबीटी (पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट) या न्यासाने दूरदर्शनसाठी शेकडो फिल्म करून घेतल्या, तिथे माझ्या पिढीतल्या कितीजणांचे हात बसले. आज मोठा पैसा बाहेरून येतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था फंड, अमेरिकेतला सनडान्सचा निधी, किंवा कोलकात्याला डॉकेजसारख्या मंचावर आपली फिल्म देशीविदेशी वाहिन्यांच्या संपादकांसमोर मांडून मिळालेले सहनिर्माते. या सगळ्यांना आधी काहीतरी बघायला लागतं. नुसत्या कल्पनेवर पहिल्या फिल्मला पैसे मिळणं दुर्मिळ. तुझा अर्ज नाकारला गेला यात तुझी लायकी निघाली नाही. तू बहुधा दोन पानं 'विडी कामगारांची व्यथा' लिहिलीस आणि चेकरची नक्कल पाठवली नाहीस. पुढच्या खेपेला ती पाठव. बाकी आमचे लोक शिकवतात, दुसऱ्यांच्या फिल्म कापतात, जाहिराती करतात. त्यात कमीपणा काही नाही.

तुझ्या हातात तर अशी नोकरी आहे जी पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नानंतर तुमचा हंगाम सुरू होतो, वैशाखात तुम्ही मरता, आणि आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी मुहूर्तच नाहीत. आता काढीव मुहूर्त निघाले आहेत हे मला माहीत आहे, तरी चातुर्मासात स्टुडिओ बसलेलाच असतो. मालकांकडे जाऊन सरळ सांग: मला चातुर्मासात बिनपगारी सुट्टी द्या, किंवा त्या चार महिन्यांत कामावर पैसे द्या, आणि हंगामात मी रात्री जागून कापीन. गाळ्याचं भाडं आणि पगार अंगावर घेऊन बसलेला माणूस हे ऐकून रागावेल असं वाटत नाही. हंगामातल्या पगारातून दर महिन्याला थोडं थोडं करून त्या चार महिन्यांचं भाडं बाजूला टाक. तुझ्या फिल्मचा पहिला निर्माता ही नोकरीच आहे, आणि एवढा कमी अटी घालणारा निर्माता तुला पुन्हा मिळणार नाही.

त्या चार महिन्यांत श्रावण येतो, म्हणजे नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथ येतो. तू तो शूट करायला धावशील. पूर्व भागातल्या प्रत्येक फोनमध्ये तो रथ आहे. तू अव्वांच्या घरात थांब. त्या दिवशी त्या विड्या वळतात का? सूप कुठे ठेवतात?

लग्नांच्या कामाबद्दल तुझ्या पत्रात जो तिरस्कार आहे तो मला पटलेला नाही. अक्षता एकदाच पडतात, रीटेक नाही. बँड वाजत असताना मंगलाष्टकांचा आवाज वेगळा काढायचा, तीन कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवायचं, कोण कोणाशी बोलत नाही हे पंगतीच्या शॉटवरून ओळखून त्या दोघांना एकत्र दाखवायचं नाही. हे सगळं तुला येतं. फिल्म संस्थेतून बाहेर पडलेल्या कितीजणांना यायला वर्षं लागतात. तू फक्त एक सवय तिथे सोडून ये, ती म्हणजे दर तीन सेकंदांनी कट. अव्वांना पूर्ण एक विडी वळू दे, कट न मारता.

भावाचा प्रश्न. डॉक्युमेंटरी बघतं कोण? त्याला दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांबद्दल सांग. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करत असताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्यावर अहवाल लिहायचा त्यांना तो वाचता येणार नाही. सिनेमाचं शिक्षण नसताना त्यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला, तो राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला, आणि पुढे त्यांनी काय काय केलं ते पुण्यात राहून तुला सांगायला नको. तेव्हा पहिले प्रेक्षक ठरवायला अडचण नाही: अव्वा, त्यांच्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका, आणि जमलं तर तो चेकर. त्यांच्यात बसून बघ. लोक कुठे हसतात, कुठे उठून पाणी प्यायला जातात, तिथे वहीत खूण कर आणि परत येऊन काप. नंतर महोत्सव आहेतच. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, तिरुवनंतपुरमचा डॉक्युमेंटरी आणि लघुपटांचा महोत्सव दरवर्षी, आणि दोन्हीकडे पहिली फिल्म घेऊन आलेली मुलं रांगेत शेजारी उभी असतात. भावाला लाखांत व्ह्यूज हवे असतील तर ते मिळणार नाहीत, हे त्याला आत्ताच सांगून टाक, म्हणजे जेवताना रोज तोच विषय नको.

सोलापूरला जायच्या आधी एक कंटाळवाणं काम कर. दोन वर्षांचं फुटेज बसून बघ आणि लिहून काढ. किती वाजता काय बोलल्या, तेलुगूत की मराठीत, हात चालू की थांबलेले. तुला वाटतं तुझ्याकडे नवऱ्याची आणि सावकाराची फिल्म आहे. लिहून काढल्यावर त्याची पानं किती भरतात आणि बाकीच्याची किती, ते मला कळव. माझा अंदाज मी सांगत नाही.

राहिला कॅमेरा. घेऊ नकोस. आहे त्याच्यात बोटावरची तंबाखू दिसते, आणखी काय दिसायला हवं? हप्ता मागे लागला की चातुर्मासही गेला. त्याऐवजी एक बरा कॉलर माइक घे, कारण यंत्रमाग मागे सुरू झाले की अव्वांचे शेवटचे शब्द बुडतात, चौथ्या आणि सतराव्या मिनिटाला तर काहीच कळत नाही. आणि एक हार्ड डिस्क घे. सगळं फुटेज एकाच डिस्कवर आहे असं तू पत्राच्या तळाला ओझरतं लिहिलं आहेस, ते वाचून मला घाम फुटला. कॉपी आजच कर. दुसरी डिस्क सोलापूरच्या घरी राहू दे, पुण्यात एकाच कपाटात दोन्ही ठेवू नकोस.

तुझी,
ताई